दहा बाय दहाच्या खोलीत अभंग रेकॉर्ड करायचा तर

घरी रेकॉर्डिंग करायचं डोक्यात आलं की माणूस सगळ्यात आधी माइक घेतो. मीही घेतला. चांगला कंडेन्सर माइक, चकचकीत स्टँड. पेटी काढली, काळी एकचा सा धरला, आलाप घेतला आणि हेडफोन लावून ऐकलं. त्यात बाल्कनीतली कबुतरं होती, फ्रिजची घरघर होती, खाली रिव्हर्स घेणारी गाडी होती, आणि मी बादलीत तोंड घालून गातोय असा माझा आवाज होता. माइकचा दोष काहीच नव्हता. तो चांगला होता म्हणून तर त्यानं सगळं इमानेइतबारे टिपलं.

म्हणून हा लेख उलट्या क्रमानं आहे. आधी खोली, नंतर खरेदी. डोळ्यांसमोर आहे ते आमच्यासारखं भजनी मंडळ किंवा घरी रियाज करणारा गायक: गळा, पेटी, तबला, टाळ. लॅपटॉप घरात आहे असं धरलं, तर तीस हजारांच्या आसपास सगळं बसतं. तुम्हाला फक्त पॉडकास्ट किंवा कथावाचन करायचं असेल, तर तबल्याचा भाग सोडून द्या आणि खर्च जवळजवळ निम्मा धरा.

पहिला दिवस: एक रुपया न खर्चता खोली ऐका

फोनवर रेकॉर्डर लावा, खोलीच्या मधोमध ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसा. नंतर इअरफोन लावून ऐका. रोज त्या खोलीत राहून आपल्या कानांनी जे ऐकणं सोडून दिलंय, ते सगळं त्यात सापडेल. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, ट्यूबलाइटचा चोक, पलीकडच्या घरातला मिक्सर. हेच सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराला करून बघा. मी डोंबिवलीत रुळांपासून दोन गल्ल्या आत राहतो. रात्री शेवटची लोकल गेली की मस्त शांतता असते, पण त्या वेळी तार सप्तकात गेलो तर शेजारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा विषय काढणार. (मालगाड्या तर तेव्हाही जातातच.) शेवटी माझी वेळ ठरली ती दुपारची दोन ते चार. शाळा सुटायच्या असतात, भाजीवाला येऊन गेलेला असतो आणि निम्मी इमारत वामकुक्षीत असते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरच्या लाउडस्पीकरना २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सहसा मनाई असते. तेव्हा गणपती-नवरात्रात काम अडलंच, तर स्पीकर थांबल्यावर बारीक आवाजातलं काही, कथावाचन किंवा निवेदन, उरकता येतं.

आता खोलीत उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून "ट्रिंग" असा धातूसारखा सूर थरथरला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. हा दोष घालवणं सोपं आहे. दुसरा दोष टाळीत कळत नाही आणि तो जास्त त्रास देतो. आपल्या फ्लॅटमधल्या कितीतरी बेडरूम दहा बाय दहाच्या असतात आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर, म्हणजे जवळपास ठोकळाच. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झची लहर नेमकी अडकते, मग तिची दुप्पट ११३, तिप्पट १६९. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्ही दिशांनी तेच आकडे फुगतात. काळी एकचा पुरुषी मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि खालचा पंचम १०४ च्या. म्हणजे षड्ज बरा लागतो आणि पंचमावर उतरलात की आवाज अचानक ढोलासारखा फुगतो. डग्ग्याची घूमही त्याच भागातली. गायकाला वाटतं आपला खर्ज बिघडला. बिघडलेली असते खोली.

घरात निवड असेल तर लांबट खोली घ्या. नसेल तर एवढं पाळा: खोलीच्या अगदी मध्यावर बसू नका आणि कोपऱ्यात तर मुळीच नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसा.

गाद्या, गोधड्या, घोंगड्या

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांचा उपयोग नाही आणि झुरळं होतात. ऑनलाइन मिळणारा एक इंची टोकदार फोमही टाळा. तो फक्त वरची चकाकी शोषतो, खालची घूम तशीच राहते, आणि खोली आणखी कोंदट वाटायला लागते.

जाड, मऊ, हवा आत जाऊ देणारी वस्तू आवाज शोषते, आणि मराठी घरात असल्या वस्तूंना तोटा नाही. कापसाची गादी यात सगळ्यांत सरस. दोन गाद्या गाणाऱ्याच्या मागं, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कोन करून उभ्या करा. समोरचंच ऐकणाऱ्या माइकचा कान तुमच्या दिशेला, म्हणजेच तुमच्या मागच्या भिंतीकडे असतो, म्हणून गादी पाठीमागं हवी. बरेच जण माइकच्या मागं लावतात आणि फरक का पडत नाही म्हणून चक्रावतात. फरशीवर सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी. खिडकीवर दोरी बांधून घोंगडी, काचेपासून चार बोटं सुटी. पातळ चादरीनं फारसं काही होत नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि पुस्तकांचं वेडंवाकडं शेल्फ दोन्ही कामाची, ती हलवू नका.

एवढ्यावर महिनाभर काम करा. मग पाचेक हजार हाताशी असतील तर रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, फलक करून घ्या. मी सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या चार चौकटी करून घेतल्या, आत दोन इंच जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब घातले आणि वरून सुती कापड ताणून बसवलं. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर ते चालतं. फलक भिंतीला चिकटवून न लावता दोन इंच सोडून लावले तर खालचे सूरही थोडे जास्त शोषले जातात. स्लॅब हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या सगळ्यानं खोलीतली घूम कमी होते, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. त्याला वजनदार भिंत, दुहेरी काच आणि फटी बुजवणं लागतं, आणि ते आपल्या बजेटमध्ये बसत नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या फटीला रबरी पट्टी आणि दाराखाली गुंडाळलेला पंचा, इतपतच जमतं. बाकी वेळ सांभाळायची.

खरेदी

माइक दोन जातींचे. डायनॅमिक माइक दणकट आणि थोडा बहिरा असतो. जवळचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. श्युअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक यातला सगळ्यांच्या ओळखीचा. कंडेन्सर माइकचा कान तीक्ष्ण असतो. श्वास, मींड, पेटीच्या सुरामागची थरथर, सगळं टिपतो, पण त्याला इंटरफेस नावाच्या डबीतून ४८ व्होल्टची वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा यातला नवशिक्यांचा नेहमीचा माइक.

माझं मत: रस्त्यावरचं घर, गोंगाट आणि गाद्या नाहीत, तर डायनॅमिक घ्या. खोली थोडी शांत झाली असेल, तर कंडेन्सर. दोन्ही साधारण आठ ते दहा हजारांच्या घरात येतात. "लॅपटॉपला थेट लावा" म्हणून विकले जाणारे यूएसबी माइक एकट्या बोलणाऱ्याला ठीक आहेत. तबला आला की दुसरा माइक लागतो आणि तिथं ते अडतात.

इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली डबी. एका माइकची डबी स्वस्त पडते, पण घेऊ नका. दोन माइकची घ्या, उदाहरणार्थ बेहरिंगरची यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइटची स्कार्लेट टूआयटू. आज एकट्याचं गाणं असलं तरी सहा महिन्यांत कुणीतरी तबलजी घरी येतोच.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले आणि वायरचे. ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज पोहोचायला सहज १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा होते २५० मिलिसेकंदांची. म्हणजे सम तुमच्या कानावर येईपर्यंत पुढची मात्रा दारात उभी असते.

स्पीकर सध्या नकोतच. दहा बाय दहात ते चुकीचंच सांगतील. राहिलं काय? एक्सएलआर केबल (माइक आणि इंटरफेस जोडणारी) दोन, स्टँड दोन (एक बूमचा, हात आडवा जाणारा), आणि पॉप फिल्टर. तो घरी होतो. भरतकामाची लाकडी रिंग घ्या, तिच्यावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माइकच्या चार बोटं पुढं बांधा. मराठीला त्याची गरज जरा जास्तच, कारण आपल्याकडे भ, फ, ध, ठ, ख यांचा हवेचा मारा ओळीओळीला असतो. पारखायचं असेल तर "भाविकांची भजनं" हे शब्द जोरात म्हणा आणि भ वर धप्प आवाज येतो का ऐका.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथं केबल, कनेक्टर, सोल्डरिंगची माणसं सगळं मिळतं. माइक आणि इंटरफेस मात्र पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. नामांकित माइकच्या नकला बाजारात ढीगभर आहेत आणि एका दुकानात "सेम पीस, बिल नको ना?" म्हणत मला एक टेकवलाही होता. घरी आणून तोलला तर हातात पोकळ.

जोडणी

आधी इंटरफेसचे सगळे गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची बटणं, शून्यावर आणा. माइक जोडा. मग ४८ व्होल्टचं बटण. काढताना उलट क्रम. इंटरफेसच्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोजवर टाकाच, तो एएसआयओ नावाच्या वाटेनं आवाज लवकर पोहोचवतो. मॅकवर बहुतेक वेळा काही टाकावं लागत नाही.

सॉफ्टवेअरवरून लोक भांडतात. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, पुरेसं आहे. विंडोजवर मी रीपर वापरतो. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि नंतरची वैयक्तिक परवानगी ६० डॉलरची आहे. ऑडॅसिटी फुकट आणि सोपी, एकट्याच्या आवाजाला छान, पण एकावर एक आठ-दहा ट्रॅक चढवायचे तर मला रीपर बरं पडलं.

सेटिंग एकदाच करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. या हिशेबानं एक माइक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा खातो. सहा मिनिटांचा अभंग आठ ट्रॅकमध्ये चारशे एमबीच्या वर जातो, आणि चुकलेले टेक धरले तर दीड-दोन जीबी.

बफर नावाचा एक आकडा दिसेल. गाताना तो १२८ ठेवा, मिक्सिंग करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, १०२४. आकडा मोठा असला तर स्वतःचा आवाज कानात उशिरा येतो, फार लहान असला तर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात टकटक येते. इंटरफेसवर "डायरेक्ट मॉनिटर" असं बटण असेल तर ते चालू करा, मग माइकचा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता थेट कानात येतो.

आता घूं असा सूर येत असेल तर तो बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. निम्म्या घरांत एवढ्यानंच तो जातो. गेला नाही तर पंख्याचा रेग्युलेटर, डिमरचा दिवा, इन्व्हर्टर बंद करून बघा, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते भोक कधीकधी नुसतं शोभेचं असतं.

माइक कुठं ठेवायचा

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं ते हॉटेलातल्या खोलीत थाटलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत. वीज नाही, माइक नाही. भोंग्यात तोंड घालून गायचं. आवाज लहान-मोठा करायचा तर पुढंमागं सरकायचं. गेनच्या बटणाआधी अंतर होतं, आणि आजही अंतरानं जे होतं ते बटणानं होत नाही. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो.

गळ्यासाठी माइक एका वितीवर, ओठांच्या किंचित वर, नाकाच्या पातळीला, खाली झुकलेला. फार जवळ गेलात तर खालचे सूर फुगतात. निवेदकांना ते आवडतं, अभंगाला जड होतं. तार सप्तकात जाताना मान थोडी मागं घ्या. सर्वात जोरकस जागा गाऊन बघा आणि गेन असा लावा की मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटमध्ये हळू मुद्रित झालेलं नंतर वाढवता येतं. लाल दिवा लागून फाटलेलं मात्र गेलंच.

पेटी पुढून रेकॉर्ड केली की भात्याची फसफस आणि पट्ट्यांची खटखट फार येते. माइक पेटीच्या वर, झाकणापासून दीड-दोन फुटांवर, वाजवणाऱ्याच्या हातापलीकडे ठेवा. आधी सगळ्या खुंट्या ओढून तपासा, एखादी सैल असेल तर तिची शिट्टी टेकभर सोबत करते. आणि सूर मिळवताना एक ध्यानात घ्या: पेटी जागच्या जागी सुरात आणता येत नाही. म्हणून तानपुऱ्याचं ॲप पेटीला मिळवा, ॲपमधली बारीक खुंटी फिरवून, आणि मग तबला त्याला. ॲपला प्रमाण मानलं तर जुनी पेटी हमखास भांडते. तानपुरा हेडफोनमध्येच ऐका, खोलीत नको, नाहीतर तो प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरतो.

तबल्याला एकच माइक असेल तर तो तबला आणि डग्ग्याच्या मधोमध, दीड फूट वर, किंचित तबल्याकडे कललेला. डग्गा फार घुमत असेल तर गेनला हात लावण्याआधी तबलजीला दोन फूट सरकवा. खोलीच्या एखाद्या जागी तो अचानक शहाण्यासारखा वागतो. एसी लावून बसला असाल तर रेकॉर्डिंगसाठी तो बंद करा आणि वीसेक मिनिटं थांबा. हवा बदलली की चामड्याचा सूर हलतो, मग हातोडी घेऊन पुन्हा मिळवा.

टाळ सगळ्यात शेवटी, वेगळा. मंडळ एकत्र बसून वाजवतं तसं इथं केलं तर टाळ प्रत्येक माइकमध्ये घुसतो आणि मग गायकाचा आवाज वाढवला की टाळही वाढतो. टाळकऱ्याला सहा फूट लांब उभं करा, माइक थोडा वळवा, गेन निम्मा करा.

गायक आणि तबलजी दोघांना एकाच वेळी घ्यायचं असेल (आणि घ्यावंच, लय डोळ्यांनीही ठरते), तर समोरासमोर बसवा. समोरचंच ऐकणाऱ्या माइकला मागून जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्येक माइकची पाठ दुसऱ्या माणसाकडे करा. तरी थोडं मिसळतं. मिसळू द्या. गायकाची चूक झाली तर मात्र दोघांनी पुन्हा, हा करार आधी करून ठेवा.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईपट्ट्यात कंडेन्सर माइक तडतडायला लागतो, आत दमट हवा शिरते. काम झालं की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्टँडवर रात्रभर टांगून ठेवू नका.

टेक झाल्यावर

मिक्सिंग हा वेगळा विषय आहे, इथं फक्त सुरुवातीपुरतं. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, त्यात रिक्षा आणि पावलं असतात, गाणं नसतं. डग्ग्यावर हे करू नका, गाभाच जाईल. आवाज डब्यातला वाटला तर २५० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये दोन-तीन डेसिबल कमी करून बघा. कॉम्प्रेसर (जोराच्या जागा दाबून आवाज सारखा करणारा) तीनास एक, सुई तीन-चार डेसिबलहून जास्त हलू नये. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ऐकू यायला लागेपर्यंत वाढवा आणि मग थोडा मागं घ्या. पहिल्या वर्षी प्रत्येकजण गाणं गुहेत नेऊन सोडतो, मीही सोडलं होतं.

यूट्यूब आणि स्पॉटिफाय जास्त जोराचं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) खाली आणतात, तेव्हा त्याहून जोरात दाबून काही मिळत नाही. सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलवर थांबवा. अभंगात शांत चरण शांतच राहू द्या.

मग तेच गाणं फोनच्या स्पीकरवर, टीव्हीवर आणि कुणाच्या तरी गाडीत ऐका. फोनवर डग्गा गायब होणारच, त्याची काळजी नको. शब्द कळत नसतील तर मात्र परत बसा. फायलींची प्रत लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. मंडळाच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, म्हणजे निवडलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते, आणि सोबत लिहा, "हेडफोन लावून ऐका."